पाटी कुणाच्या हातात

"बाई, काचेला हात लावू नका."

पांढरे हातमोजे घातलेला माणूस असं म्हणाला तेव्हा कुठं मला कळलं, की माझं बोट त्या फोटोवर टेकलंय. मी हात मागं घेतला. डोळे मात्र तिथून निघेनात.

तांबगडच्या राजवाड्यातला दरबार हॉल होता तो. साल एकोणीसशे शहाऐंशी. संस्थान जाऊन पिढी उलटली होती, आणि राजेसाहेबांनी राजवाड्यातले जुने फोटो लिलावात काढले होते. मुंबईत असल्या फोटोंचे शौकीन वाढले होते म्हणे. लिलाव दुसऱ्या दिवशी होता. आदल्या दिवशी निमंत्रितांसाठी फोटो मांडून ठेवले होते. आम्हाला निमंत्रण आलं ते दिनकररावांमुळं. दिनकरराव खबाले म्हणजे माझे यजमान, तालुका दूध संघाचे चेअरमन. त्या काळी मी त्यांचं नाव तोंडानं घेत नसे. आता घेते.

भिंतीवर ओळीनं सगळे बसले होते. तलवार टेकवलेले थोरले महाराज, पगडीवाले दिवाण, वेताच्या खुर्चीत पाय पसरलेला गोरा पोलिटिकल एजंट. मधोमध सगळ्यांत मोठा फोटो राजेसाहेबांच्या वडिलांचा, एक पाय मेलेल्या रानडुकरावर ठेवलेला. लोक त्याच्यापुढंच गर्दी करत होते. आणि अगदी शेवटी, खांबाच्या आडोशाला, जेलमधल्या कैद्यांचे लहान फोटो होते. ते बघायला कुणी येत नव्हतं. मी नुसती गर्दी टाळायला तिकडं गेले होते.

फोटोत एक तरुण बाई भिंतीला पाठ लावून उभी होती. अंगावर जाडंभरडं लुगडं, डोक्यावरचा पदर खाली घसरलेला. तिच्या छातीपुढं एक दगडी पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेलं: 'नं. ९. चोर.' उजव्या भुवईपासून गालापर्यंत काळा ओघळ. खाली छापील चिठ्ठी होती. 'महिला चोर, तांबगड तुरुंग. सुमारे १९३०. उजव्या बाजूस डाग.'

पण बाई पाटीकडं बघत नव्हती, तुरुंगाच्या दाराकडं बघत नव्हती. सरळ माझ्याकडं बघत होती. हनुवटी किंचित वर. ही हनुवटी मी रोज बघत होते. चहात साखर जास्त पडली की, शेजारच्यानं बांध कोरला की, डॉक्टरनं सुई काढली की ही हनुवटी अशीच वर जायची.

ती माझी सासू होती. केराबाई खबाले. आमच्याकडच्या रीतीनं मी त्यांना आत्या म्हणायची.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली. बाईचे दोन्ही हात खाली होते, मुठी वळलेल्या. पाटी तिनं धरलेलीच नव्हती. फोटोच्या कडेतून एक पुरुषी हात आत आला होता, खाकी बाहीचा. पाटी त्या हातात होती.

"काय बघतेस एवढं?" दिनकरराव मागून आले. त्यांनी फोटो बघितला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. माझं मनगट धरून हळूच म्हणाले, "चल."

जीपमध्ये बसल्यावर ते एकदम म्हणाले, "आईला यातलं काही सांगायचं नाही."

"अहो, पण त्या आत्याच आहेत ना?"

"आहे. गवत चोरताना सापडली होती. माझ्या जन्माआधीची गोष्ट. आजीनं सांगितलेलं मला." त्यांनी गिअर असा टाकला की गाडी किंचाळली. "शाळेत मला पोरं चोरणीचा म्हणायची. नावानं कुणी हाक मारत नव्हतं. ते पुसायला अर्धं आयुष्य घातलंय मी. आता पुढच्या महिन्यात संघाची निवडणूक, राजेसाहेबांचा हात डोक्यावर आहे, आणि नेमका आत्ता हा फोटो भिंतीवर!"

"मग काय करणार?"

"माझा माणूस बोली लावेल. घ्यायचा आणि जाळून टाकायचा. काच फोडून, चुलीत."

ते वाईट नव्हते. भित्रे होते, आणि त्या भीतीला कारण होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचे कपडे घालून लवकर गेले. आत्या परड्यात हुलगे पाखडत बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढं, पण सूप हातात आलं की टरफल अंगणाबाहेर. मी दाराशी उभी राहिले. आत गेले. परत आले.

"काय गं शालन, कोंबडीगत का फिरतीयास?"

मी सांगून टाकलं. राजवाडा, भिंत, त्यांचा जेलमधला फोटो. त्यांचं सूप थांबलं. मला वाटलं, आता डोळ्याला पदर लावतील. तर त्यांनी एकच विचारलं.

"पाटी कुणाच्या हातात हाय?"

"अं?"

"फोटूत. पाटी कुणी धरलीया? मी का दुसऱ्यानं?"

"दुसऱ्यानं. नुसता हात दिसतोय. खाकी बाही."

आत्या हसल्या. आधी गालात, मग मोठ्यानं, मग खोकला येईपर्यंत. मी पाणी आणलं. ते पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि उठल्या.

"लुगडं बदलून येते. जायाचं हाय आपल्याला."

"आत्या, ह्यांनी सांगितलंय की..."

"काय सांगितलंय?"

"फोटो घेऊन जाळणार आहेत."

त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. हनुवटी वर गेली. "माझी सून हायस का त्याची बायकू, त्ये वाटंत ठरीव. आधी गाडी बघ."

गाडी कुठली आणायची? संघाची दुधाची व्हॅन गावातून रिकामे कॅन घेऊन तांबगडला जायची. ड्रायव्हर चेअरमनच्या आईला आणि बायकोला नाही कसं म्हणणार? आत्या पुढं बसल्या, मी मागं कॅनमध्ये. खड्डा आला की सगळे कॅन वाजायचे. मी आत बसून विचार करत होते, की संध्याकाळी घरी गेल्यावर काय होईल. त्यापुढं विचार जात नव्हता, आणि व्हॅन तर पुढं चालली होती.

राजवाड्याच्या दारात पहारेकरी आडवा आला. माझ्याकडं कालचं निमंत्रण होतं. आत्यांकडं बघून म्हणाला, "म्हातारीला इथं बाहेर बसू दे."

"माझा फोटू हाय आत," आत्या म्हणाल्या, "महाराजांच्या भिताडाला." तो गोंधळला, तेवढ्यात आम्ही आत.

लिलाव सुरू झाला होता. मुंबईचे रमणिकभाई नावाचे लिलावदार उंच टेबलामागं उभे होते, हातात लाकडी हातोडी. पुढच्या रांगेत राजेसाहेब, त्यांच्या शेजारी दिनकरराव. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. दिवाण गेले, एजंट गेला, रानडुकरावर पाय ठेवलेले महाराज टाळ्यांच्या गजरात गेले. आत्या मांडीवर हात ठेवून बघत होत्या, बाजारात आल्यासारख्या.

मग तो फोटो आला.

"जरा वेगळी वस्तू," रमणिकभाई म्हणाले. "संस्थानी तुरुंगातली महिला चोर. अशा गुन्हेगार स्त्रियांचे फोटो फार दुर्मीळ. थोडा डाग आहे, बाकी उत्तम." दिनकररावांच्या माणसानं हात वर केला. मागून आणखी एकानं केला. पुन्हा ह्यांच्या माणसानं.

"थांबा," आत्या म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा होता. सगळ्या माना वळल्या. दिनकररावांचा चेहरा मी बघितला नाही. बघू शकले नाही.

आत्या उठून मधल्या वाटेनं पुढं निघाल्या. मी मागोमाग.

"ह्यो फोटू माझा हाय. आनि मी चोर न्हाई."

दिनकरराव धावत आले. दंडाला धरून कुजबुजले, "आई, खाली बस. तुझ्या पाया पडतो. घरी बोलू."

"घरात लई वर्सं बोललो न्हाई आपण. आता हितंच बोलू."

राजेसाहेब उठले. ते सभ्य गृहस्थ होते, कुणावर आवाज चढवत नसत. "आजी, काहीतरी गैरसमज होतोय. एवढा जुना फोटो, चेहरे सारखे वाटतात. आणि पाटीवर स्पष्ट लिहिलेलं आहे."

"व्हय. लिवलंय. मला वाचता येत न्हवतं तवा. मी शिपायाला इचारलं, काय लिवलंय रं? त्यो म्हणाला, चोर. म्हटलं, मग मी धरणार न्हाई."

आत्या सगळ्यांकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

"तुमच्या वडलास्नी शिकारीचा लई नाद. ऐन पेरणीत हाक्याला माणसं मागायचे. गावंच्या गावं रानात न्यायची, ढोल-डबडी बडवत जनावर उठवायचं आनि ह्येंच्या बंदुकीम्होरं आणून घालायचं. मजुरी न्हाई, भाकरी न्हाई. जनावर उलटलं तर माणूस गेला. माझा पाठचा भाऊ गेला. असल्याच एका डुकरानं पोट फाडलं त्याचं." त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडं बोट केलं. "फुडल्या साली पुन्यांदा दवंडी आली. बापय भ्याले. मग आमी बायका गेलो आनि मोटारीम्होरं रस्त्यात आडव्या बसलो. म्हटलं, आमची माणसं मिळणार न्हाईत. महाराज दिसभर मोटारीत बसून ऱ्हायले. शिकार झाली न्हाई त्या वर्साला."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"मग धरून नेलं. पण रयत उठली म्हणून लिवलं तर गोऱ्या सायबानं इचारलं असतं, तुमच्या राज्यात चाललंय काय? म्हणून आमास्नी गवतचोर केलं. रोज फोटू काढायला उभं करायचे. रोज पाटी हातात द्यायचे, रोज मी टाकून द्यायची. मग एक दिस शिपायानं त्याच पाटीची कड हाणली." त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला. उजवी भुवई मधोमध दुभंगलेली, तिथं केस उगवलेच नव्हते. रोज भाकरी थापताना समोर बसून मी ती खूण बघत आले होते, आणि लहानपणी पडल्या असतील असं धरून चालले होते. "तुमी डाग म्हणताय त्यो डाग न्हाई. रगत हाय त्ये. शेवटी शिपायानं पाटी आपल्याच हातात धरली आनि फोटू निघाला. त्यानं धरली. मी धरली न्हाई. आनि आज तुमी पुन्यांदा तीच पाटी धरलीया, राजेसाहेब."

रमणिकभाई टेबलामागून खाली उतरले. फोटो उचलला, चष्मा वर करून ओघळ बघितला, मग आत्यांची भुवई. फोटो टेबलावर ठेवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी ठेवला.

"राजेसाहेब," ते म्हणाले, "ही चिठ्ठी लावून आता मला हा विकता यायचा नाही."

राजेसाहेबांचे कान लाल झाले होते, पण आवाज तसाच गोड. "मग विकायचाच नाही. आजी, आमच्याकडून ही भेट समजा. घेऊन जा. आमची गाडी घरापर्यंत सोडेल."

दिनकररावांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. फोटो घरी येणार होता. चूल पेटलेलीच होती.

"मला नगं," आत्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भेट नगं. तुमी राजे इका, दिवाण इका, सायेब इका. त्यास्नी नावं हायती. मला बी इका, पण नावानिशी. काय केलं त्ये लिवून. एवढंच मागाया आलीया."

"ते शक्य नाही. वडिलांची बदनामी आम्ही आमच्याच घरात लिहून लावायची?" आता गोडवा संपला होता. ते दिनकररावांकडं वळले. "खबाले, तुमच्या घरच्या माणसांना आवरा."

सगळा हॉल ह्यांच्याकडं बघत होता. दिनकररावांचे ओठ हलले. "आई," एवढंच ते म्हणाले. मग अगदी हळू, "मला का नाही सांगितलंस कधी?"

"सांगितलं हुतं की रं. शाळंतनं रडत आलास, तवा म्हटलं, मी चोर न्हाई. तू म्हणालास, मग जेलात का घातलं? दुसरीतलं पोर तू. राजा खोटं बोलतो, असं तुला कसं सांगणार? उद्या शाळंत बोलला असतास तर तुला घातला असता जेलात."

त्यांनी आईच्या दंडावरचा हात काढून घेतला.

मी टेबलाकडं गेले. चिठ्ठ्या छापून उरलेला जाड कागद तिथं पडला होता, शेजारी रमणिकभाईंचं पेन. मी मॅट्रिक झालेली होते. लग्नानंतर वाण्याच्या यादीशिवाय काही लिहिलं नव्हतं. कागद ओढून घेतला.

"शालन," मागून ह्यांचा आवाज आला, "पेन खाली ठेव."

'के'ची मात्रा वाकडी आली. पण मी पुढं लिहीत गेले. 'केराबाई खबाले. तांबगडच्या महाराजांच्या शिकारीसाठी वेठ नाकारली, म्हणून तुरुंगवास. १९३०.' छापील चिठ्ठी मी काचेवरून सोलून काढली आणि माझी तिथं चिकटवली. टेबलावरच्या डिंकानं बोटं माखली.

"काढा ती," राजेसाहेब म्हणाले. कुणी पुढं आलं नाही. हातमोजेवाला माणूस छताकडं बघत होता.

तेव्हा मघाशी मागून बोली लावणारे गृहस्थ उभे राहिले. पुण्याच्या एका छोट्या संग्रहालयाचे होते, हे नंतर समजलं. म्हणाले, "या चिठ्ठीसकट असेल तर मी घेतो. चिठ्ठी काढली तर नको."

रमणिकभाईंनी राजेसाहेबांकडं बघितलं नाही. ते पुन्हा टेबलामागं गेले आणि हातोडी उचलली. "बोली सुरू झालेली वस्तू मागं घेता येत नाही. आणखी कुणी?" ह्यांच्या माणसानं ह्यांच्याकडं बघितलं. मीही बघितलं. दिनकररावांनी मान हलवली नाही, बोट हलवलं नाही. वळले आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. त्यांच्या माणसानं हात मांडीवर ठेवला. हातोडी पडली.

"एकदा जवळनं दावा की," आत्या म्हणाल्या. "मी कुठं बघितलाय अजून."

रमणिकभाईंनी फोटो त्यांच्या हातात दिला. आत्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग एका जागी स्थिर धरला. तोवर एकदाही न कापलेला त्यांचा आवाज तिथं कापला.

"केवढीशी पोर हाय गं ही," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तर जीप नव्हती. ती निघून गेली होती. आम्ही दुधाच्या व्हॅननंच परत आलो.

पुढं जे व्हायचं ते झालं. राजेसाहेबांनी हात काढून घेतला आणि निवडणुकीत ह्यांचं पॅनेल पडलं. गावात काहीजण आत्यांच्या पाया पडून गेले, काहीजण म्हणाले, म्हातारीनं पोराचं वाटोळं केलं. दिवाळीपर्यंत दिनकरराव माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे आणि उठायचे. मीही माफी मागितली नाही. कशाची मागायची? आत्या मात्र रोज त्यांना आवाज द्यायच्या, "दिनकर, चहा घेतलास का?" जणू मधे काही घडलंच नव्हतं. संघ गेला तसे ते शेतात जायला लागले. एकदा बांधावर आत्या आणि ते कितीतरी वेळ बोलत बसलेले मी लांबून बघितले. काय बोलले ते दोघांनीही मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आत्या त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. झोपेतच.

वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायला दिनकरराव तांबगडला गेले, मी बरोबर होते. कचेरीतल्या माणसानं आधीच मजकूर तयार ठेवला होता. वाचून दाखवला: "दूध संघाचे माजी चेअरमन दिनकरराव खबाले यांच्या मातोश्री, प्रेमळ व धार्मिक वृत्तीच्या..."

"खोडा ते," दिनकरराव म्हणाले. "तिचं नाव आधी. माझं शेवटी. आणि मधे लिहा, तांबगडच्या महाराजांच्या शिकारीला माणसं द्यायची नाहीत म्हणून रस्त्यात बसली आणि तुरुंगात गेली."

माणसानं पेन थांबवलं. खुर्चीत पुढं सरकून आवाज खाली आणला. "साहेब, राजेसाहेबांच्या जाहिराती असतात आमच्याकडं. जरा मवाळ लिहू या का?"

दिनकररावांनी हनुवटी वर केली.

"मग असं करा," ते म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिहा."